आर.एक्स. १०० ला बाहेरचा कनेक्टिंग रॉड टाकायचाय, कोणता घेऊ? बजेट ६ हजार, मजुरीसकट

चोपड्याचा_टूस्ट्रोक
मंडळी नमस्कार. काकांची १९९३ ची यामाहा आर.एक्स. १०० आहे. रस्त्यावर काढत नाही, आमच्याच पडीक वावरात मातीचा ट्रॅक केलाय, तिथेच पळवतो. पोर्टिंग झालंय (सिलिंडरच्या वाटा मोठ्या केल्यात), एक्स्पान्शन चेंबर म्हणजे रेसचा सायलेन्सर आहे, कार्बोरेटर मोठा टाकलाय. कंपनीची गाडी ७५०० आरपीएमला ११ पीएस देते, माझी ९५०० पर्यंत ओढते. महिन्याभरापासून खालून टकटक येत होती म्हणून इंजिन खोललं, तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड हलतोय.
तीन पर्याय आहेत. लोकल किट, बाहेरदेशातला फोर्ज्ड रॉड, नाहीतर मित्राकडे पडून असलेलं ५ एम.एम. लांब रॉडचं किट. ते तो जवळजवळ फुकटच देतोय. काय करू? बजेट ६ हजारच आहे, त्यावर एक रुपया नाही.

रावेर_केळीबाग
नुसत्या रॉडच्या नादी लागू नको. मी सरळ अख्खी क्रँक नवीन आणली, बेअरिंगा नवीन, पिस्टन नवीन, सिलिंडरला नवीन लायनर. १४ हजार गेले. पण तीन वर्षं झाली, इंजिनला हात लावलेला नाही. रावेर ते बऱ्हाणपूर किती फेऱ्या झाल्या त्याची गणती नाही. एकदाच खर्च कर आणि मोकळा हो.

चोपड्याचा_टूस्ट्रोक
दादा, बजेट ६ हजार आहे.

रावेर_केळीबाग
मग दोन महिने थांब, पैसे जमव. पण अख्खी क्रँकच घे.

शिंदखेडा_जुनी_गाडी
भो, कसाले इतला पैसा घालस? मन्ही गाडी वीस वरीस जुन्याच रॉडवर पळी राहिनी. जोरात पळाडू नको, रॉडले काहीच व्हत नही.

भुसावळ_आरएक्स
लोकल किटचं नावही काढू नको. मी टाकलं होतं. दुकानदार म्हणाला, कंपनीच्या तोडीचं आहे. ९०० किलोमीटर चाललं. वरणगावजवळ एकदम कड्ड आवाज आला आणि मागचं चाक जाम. क्लच दाबायचं सुचलं म्हणून वाचलो. खोललं तर बिग एंडच्या, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, बेअरिंगचा पिंजरा तुटून त्याचे तुकडे ट्रान्सफर पोर्टातून (मिक्श्चर खालून वर जायची वाट) वर गेलेले, पिस्टनच्या डोक्यावर खिळे ठोकल्यासारखी भोकं. पिस्टन गेला, हेड गेलं, सिलिंडर गेला. दुकानात गेलो तर म्हणे तुम्ही ऑइल कमी टाकलं असेल. अजून राग जात नाही. जुन्या स्टॉकमधला ओरिजिनलच शोध.

पारोळा_९६
ओरिजिनलच टाक. वर सांगितलंय तेच. पण डबा बघून भुलू नको, डबे खोटे छापून मिळतात.

अमळनेर_लेथवाला
चोपडेकर, घाई करू नका. रॉड हलतो म्हणजे कसा हलतो ते आधी सांगा. वरचं टोक डावी-उजवीकडे डुलतं की रॉड सरळ वर-खाली खेचला तर टक लागते? डुलणं असतंच, ते असायलाच हवं. कितीतरी पोरं तेवढ्यावरून रॉड गेला म्हणून क्रँक घेऊन येतात आणि मी ती तशीच परत पाठवतो. पिस्टन काढा, क्रँक सगळ्यात वरच्या जागी आणा, रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ वर ओढा आणि खाली दाबा. तिथे बोटाला जरा जरी टक जाणवली तर बिग एंड गेलं.

दुसरं. आर.एक्स.ची क्रँक कारसारखी बोल्टची नाही. दोन फ्लायव्हील आणि मधे प्रेसने दाबून बसवलेली पिन, त्या पिनवर रॉड फिरतो. म्हणजे रॉड बदलायचा तर क्रँक फोडून पुन्हा दाबावी लागते. तुमचं काम रॉडच्या नावावर ठरत नाही, दाबणाऱ्याच्या हातावर ठरतं. सगळ्यात भारी रॉड आणा, क्रँक वाकडी दाबली तर गाडी हँडलला हात धरू देणार नाही आणि मेन बेअरिंगा खाऊन टाकेल. दाबल्यावर व्ही-ब्लॉकवर ठेवून दोन्ही शाफ्टना डायल (वाकडेपणा मोजायचा काट्याचा गेज) लावायचा. ०.०३ एम.एम.च्या आत आला पाहिजे. बिग एंडच्या बाजूची फट फीलर गेजने बघायची. आणि जुनी पिन निघाल्यावर फ्लायव्हीलचं भोक मोजून घ्या. याआधी दोन-तीनदा रॉड बदललेला असेल तर भोक सैल झालेलं असतं, मग नवी पिन धरत नाही.

नंदुरबार_१३५
पिनला दोन्ही टोकांनी टिग वेल्डिंगचे टाके मार, विषय संपला. माझी आर.एक्स. १३५ आहे, १०,००० ला नेतो, क्रँक तसूभर फिरलेली नाही. वेल्डिंगशिवाय रेसची क्रँक बनतच नाही.

अमळनेर_लेथवाला
बनते. भोक सैल असेल तर टाके मारून ते घट्ट होत नाही, नुसतं झाकलं जातं. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने सेंटर हलतो, म्हणून टाके मारल्यावर पुन्हा डायल लावावाच लागतो, आणि तो लावणारे मी फार थोडे बघितलेत. पुढच्या वेळी रॉड बदलायला तीच वेल्डिंग घासून काढावी लागते.

नंदुरबार_१३५
मी लावला होता डायल. माझ्याकडे स्वतःचा आहे. तुम्ही केलं नाही म्हणून दुसऱ्याला जमत नाही असं नसतं.

चोपड्याचा_टूस्ट्रोक
लेथवाले दादा, तुम्ही सांगितलं तसं बघितलं. सरळ वर ओढल्यावर टक स्पष्ट लागते. क्रँक फोडून घेतली. पिन बाहेर आली तर एका बाजूला देवीच्या वणासारखे बारीक खड्डे, आणि तेवढाच पट्टा निळसर-तपकिरी झालेला. तेल कमी पडलं का? मी ऑइल पंप काढून टाकलाय, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतो.

चाळीसगाव_घाटवाला
इथेच तुझं उत्तर आहे. मीही सगळ्यांचं ऐकून पंप काढला होता, रेसवाले पंप ठेवत नाहीत म्हणे. संभाजीनगरहून येताना कन्नडचा घाट गॅस बंद करून दुसऱ्या गिअरवर उतरलो. इंजिन फिरतंय जोरात, पण कार्बोरेटर बंद म्हणजे पेट्रोल नाही, आणि ऑइल पेट्रोलातच! पायथ्याला पोचेपर्यंत बिग एंड वाजायला लागलं. आता पंप परत लावलाय. मिसळूनच चालवायचं असेल तर लांब उतारावर मधूनमधून क्लच दाबून गॅस देत जा.

अमळनेर_लेथवाला
अगदी बरोबर. आणि त्यात आणखी एक आहे. ७५०० चे ९५०० केले म्हणजे वेग सव्वापट, पण पिस्टन रॉडला ओढतो ती ओढ वर्गाने वाढते, म्हणजे १.६ पट. गॅस उघडा असतो तेव्हा वर दाबलेली हवा पिस्टनला थोडा आधार देते. गॅस एकदम सोडला की तो आधार जातो, ओढ मात्र तेवढीच राहते, आणि नेमकं तेव्हाच तेलही नसतं. चोपडेकरांचा ट्रॅक मातीचा, म्हणजे दर वळणाला गॅस बंद. पिन त्याच जागी खाल्ली गेली.

जळगाव_उन्हाळा
तेल वगैरे ठीक आहे, खरं कारण ऊन. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, हवा गरम, मिक्श्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन जळतं. उन्हाळ्यात कार्बोरेटरला मोठा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) टाकायचा.

चाळीसगाव_घाटवाला
उलटं आहे भाऊ. गरम हवा विरळ असते, तेवढ्याच जेटला पेट्रोल जास्त पडतं. मे महिन्यात नीट लावलेला जेट डिसेंबरच्या पहाटे लीन होतो. माझा पिस्टन सीझ झाला तो थंडीत, शेतावर पाणी द्यायला जाताना.

जळगाव_उन्हाळा
माझा अनुभव वेगळा आहे. माझा मे महिन्यातच गेला.

अमळनेर_लेथवाला
मग क्रँकचे सील बघा. मॅग्नेटोकडचा सील फाटला की तिथून हवा ओढली जाते आणि मिक्श्चर बाराही महिने लीन राहतं. क्लचकडचा फाटला तर गिअर ऑइल ओढून गाडी पांढरा धूर सोडते. चोपडेकर, क्रँकचं चेंबर खोललंच आहे तर दोन्ही सील आणि दोन्ही मेन बेअरिंग बदला. रॉडमध्ये वाचवा, इथे नको.

रावेर_केळीबाग
म्हणून म्हटलं होतं, अख्खी क्रँक घे.

चोपड्याचा_टूस्ट्रोक
लांब रॉडबद्दल कोणीच काही बोललं नाही.

भुसावळ_आरएक्स
नको. एक सरळ काम करून राह्यला तर त्यात दुसरी भानगड कशाला?

नंदुरबार_१३५
नको. सिलिंडरखाली प्लेट टाकावी लागते, प्लेटमधून हवा गळते.

अमळनेर_लेथवाला
मीही नको म्हणेन, पण कारण समजून घ्या. रॉड ५ एम.एम. लांब झाला की पिस्टन तेवढा वर जातो, हेडला धडकतो. म्हणून सिलिंडर तेवढाच वर उचलायचा. प्लेट आणि दोन्ही पॅकिंग मिळून जुन्या एका पॅकिंगपेक्षा ५ एम.एम. जास्त झाले पाहिजेत, नुसती प्लेट ५ ची घेतली तर पोर्ट हलतात. प्लेटला ट्रान्सफरच्या वाटा चेंबरच्या तोंडाशी तंतोतंत जुळवून कापायच्या. फायदा असा की रॉड कमी तिरपा होतो, पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर कमी घासतो. तोटा असा की खालच्या चेंबरची जागा साधारण १० सीसीने वाढते, खालचा दाब कमी होतो, कमी आरपीएमला गाडी मलूल लागते. मातीच्या वळणातून बाहेर पडताना तीच ओढ लागते तुम्हाला.

पारोळा_९६
ओरिजिनलच टाक.

शिंदखेडा_जुनी_गाडी
मन्हं ऐक, ईकी टाक ती गाडी. चांगला भाव ई राहिना आज.

चोपड्याचा_टूस्ट्रोक
(तीन आठवड्यांनी)
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळ्यांनी नको म्हटलेला लांब रॉडच टाकला. ओरिजिनल म्हणून जे दोन दुकानांत दाखवलं, त्यातल्या एका पिनचं माप दोन टोकांना वेगळं आलं. मित्राच्या किटची पिन मायक्रोमीटरने सगळीकडे सारखी भरली, बेअरिंगचा पिंजराही चांदीचा मुलामा दिलेला. फ्लायव्हीलची भोकं घट्ट निघाली. रॉडचे वाचलेले पैसे मेन बेअरिंग, सील आणि मजुरीत घातले. वेल्डिंग केलं नाही. ऑइल पंप परत लावला.

क्रँक इथल्याच एका म्हाताऱ्या टर्नरकडे दाबली, डायल ओळखीच्या आयटीआयवाल्या सरांकडून मागून आणला. पहिल्यांदा काटा ०.१४ वर गेला. टर्नर बाबांनी फ्लायव्हीलवर खडूने खूण केली, क्रँक हातात उचलून धरली आणि तांब्याच्या हातोडीने एकच घाव घातला. पुन्हा डायल लावला, ०.०६. मग दोन हलके घाव. शेवटी डावीकडे ०.०२, उजवीकडे ०.०३. दुपारचे दोन वाजून गेले होते, तरी बाबा जेवायला उठले नाहीत.

सोल्डरची तार हेडखाली दाबून पिस्टन आणि हेडमधली फट मोजली, १.२ एम.एम. आली. एकूण ५,७०० लागले. लेथवाले दादा म्हणाले तसंच झालंय, वळणातून निघताना ओढ कमी वाटते, एक गिअर खाली ठेवावा लागतो. पण वर गेल्यावर हँडल पहिल्यापेक्षा शांत आहे.

भुसावळ_आरएक्स
आठ-दहा तास पळाली की एकदा सिलिंडर काढ, रॉड वर-खाली ओढून बघ आणि पिस्टनचा फोटो टाक.

नंदुरबार_१३५
टाके मारले असते तर बरं होतं.

अमळनेर_लेथवाला
०.०३ वर आणलं म्हणजे बाबांचा हात चांगला आहे. गाव सांगा त्यांचं, माझ्याकडे एक राजदूतची क्रँक महिनाभर अडून पडलीय.

रावेर_केळीबाग
प्लेटचं माप दे रे, आणि पॅकिंग किती जाडीचं धरलं तेही सांग.

चोपड्याचा_टूस्ट्रोक
प्लेट ४.५ ची अल्युमिनियमची, वर-खाली पॅकिंग घट्ट दाबल्यावर प्रत्येकी ०.५, जुनं पॅकिंगही ०.५ चंच होतं. वाटांचा कागदी साचा जपून ठेवलाय, पाठवतो.