वाडा, चाळ, वस्ती... सर्व्हेच्या फॉर्ममध्ये घराचा प्रकार काय लिहायचा?

सर्व्हेवाली:
आमचा कॉलेजचा ग्रुप पुण्यात शुक्रवार पेठ आणि जनता वसाहतीत घरोघरी सर्व्हे करतोय. फॉर्मवर घराच्या प्रकारात चारच पर्याय आहेत, बंगला, फ्लॅट, चाळ, झोपडी. काल एका वाड्यात गेलो तर मधे चौक, तिन्ही बाजूंना भाडेकरू, वर जायला लाकडी जिना, संडास कॉमन, आणि मागच्या एका खोलीत दोन भाऊ संसार करतायत पण गॅस वेगळे. हे एक घर धरायचं का पाच-सहा? आणि टिक कशावर करू? प्लीज सांगा कुणीतरी, सोमवारी परत जायचंय.

माजी प्रगणक:
फॉर्मच आधी बदलून घ्या. बंगला-फ्लॅट हा बांधणीचा प्रकार झाला आणि झोपडी म्हणताना लोक कधी छप्पर बघतात, कधी जागा कुणाची ते. 2011 च्या जनगणनेत फरशी, भिंत, छप्पर यांचं साहित्य वेगवेगळं विचारलं होतं आणि घराची अवस्था त्याहून वेगळी. रस्त्यावरून, चौकातून किंवा जिन्यावरून ज्याला स्वतंत्र मुख्य दार ते एक घर, आणि एका स्वयंपाकघरात जेवतात ते एक कुटुंब. त्यामुळे तुमच्या त्या खोलीत घर एक, कुटुंबं दोन. वाड्याला मात्र स्वतंत्र पर्याय हवाच, पुण्यात सर्व्हे करताय आणि वाडा नाही म्हणजे काय!

पर्वती पायथा:
मी जनता वसाहतीतच वाढलोय म्हणून सांगतो, आमच्या गल्लीत विटांची, स्लॅबची, वर मजला चढवलेली घरं आहेत, आईबापांनी भिशी लावून, बचत गटाचं कर्ज काढून एकेक खोली उभी केलीय, त्याला झोपडी लिहू नका. झोपडपट्टी ही त्या जागेची सरकारी नोंद असते, 1971 च्या कायद्याखाली घोषित होते ती, एखादं घर कसं बांधलंय त्यावरून ती ठरत नाही. ते वेगळ्या रकान्यात टाका. अजून एक, पक्कं का कच्चं हे पोरांना जागेवर ठरवू देऊ नका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात पत्रासुद्धा पक्क्या साहित्यात धरतात, म्हणजे चारी भिंती पत्र्याच्या नि वरही पत्रा तरी ती खोली पक्कीच मोजली जाते. मे महिन्यात तिथं दुपारी बसून बघा एकदा. फक्त पत्रा, वीट, कौल असं दिसेल ते लिहा, गट नंतर पाडता येतील.

सर्व्हेवाली:
खूप थँक्स दोघांनाही, साहित्याचे तीन रकाने आजच वाढवते. बाणेरला साइटवर लेबर कॅम्प पण करायचाय, तिथे एका खोलीत सात-आठ जण राहतात, नात्यातलं कुणीच नाही.

माजी प्रगणक:
नातं नसू दे, एकत्र शिजवून खातात ना मग एकच कुटुंब. त्यातले तिघं मिळून वेगळं शिजवत असतील तर कुटुंबं दोन. आणि काम सुटल्यावर संध्याकाळीच जा, दिवसा खोल्यांना कुलूप असतं.