मदत हवी आहे: अस्वलांच्या भागात मुलांची भटकंती कशी आखावी?
नमस्कार मंडळी. बुलढाण्याजवळ ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेने आम्ही दर रविवारी मुलांना फिरायला नेतो. गेल्या खेपेला वाटेलगतचं वारूळ ताजं उकरलेलं दिसलं. माती ओलसर, त्यावर लांब नखांचे ओरखडे. तिथूनच मागे फिरलो.

अस्वलाची नजर अधू, माणूस अचानक समोर आला की ते बिथरून अंगावर येतं. पाठीवर पिल्लं असली तर विचारूच नका. म्हणून पहाटे न जाता ९ नंतर निघायचं, बोलत चालायचं, खरकटं परत आणायचं असं ठरवलंय.

पण मोहाची फुलं पडतात आणि ती खायला अस्वलं येतात, त्या दिवसांत ती वाट बंदच ठेवावी का? गट किती जणांचा असावा? मेळघाटात वाटाड्याचं काम केलेल्यांनी कृपया सांगा. रविवारच्या आत कळलं तर फार बरं होईल.