वसई-विरार पट्ट्यात घर घेतलंत? कसं घेतलंत, सांगा (अनुभव धागा)

मंडळी,

गोरेगावात भाड्याने राहून अकरा वर्षं झाली. करार संपत आला की घरमालकाचा फोन येतो, बायको माझ्याकडे बघते आणि मी पंख्याकडे. यंदा ठरवलं, बास. बजेट ओढूनताणून ४२ लाख. त्यामुळे गेले दोन महिने दर रविवारी नायगाव ते विरार असा आमचा दौरा चालू आहे. एजंट स्टेशनबाहेरून रिक्षात घालतो. मेट्रो येतेय, कोस्टल रोड येतोय, बुलेट ट्रेनचं स्टेशन येतंय, असं वाटेत सांगतो. सगळं येतंय, आलेलं अजून कुणी दाखवलेलं नाही.

परवा एका सॅम्पल फ्लॅटमध्ये दमून पलंगावर जरा आडवा झालो, तर पाय बाहेर. माझी उंची पाच फूट सात इंच. खिशातली टेप काढून मोजलं तर पलंगच साडेपाच फुटी! कपाट जेमतेम फूटभर खोल, त्यात हँगर सरळ अडकवताच येणार नाही. खोली मोठी दिसावी म्हणून फर्निचरच लहान करून घेतलेलं. एजंट म्हणाला, "सर, ते फक्त आयडिया यावी म्हणून."

आयडिया आली. म्हणून हा धागा. या पट्ट्यात ज्यांनी घर घेतलं, विकलं, किंवा घेता घेता राहिलं, त्यांनी लिहा. बिल्डर-एजंटची नावं नकोत. पाणी, कागद आणि गाडी, या तिन्हींबद्दल हातचं राखू नका.

*

नालासोपारा पूर्व, २००४ पासून

आम्ही मूळचे लालबागचे. दहा बाय बाराची खोली, सात माणसं, संडास मजल्याच्या टोकाला. वडिलांची गिरणी बंद पडली, देणी मिळायला बरीच वर्षं गेली. मिळाली त्यातून ३ लाख २० हजारांत वन आरके घेतली. शेजारी म्हणाले, "गावाला चाललात की काय?" आई म्हणाली, "संडास घरात आहे." विषय तिथेच संपला.

पाण्याचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. नळ होता, पण त्याला शोभेपलीकडे काम नव्हतं. टँकर यायचा रात्री दीड-दोनला. ड्रायव्हर हॉर्न द्यायचा नाही, पाइपाचं लोखंडी तोंड टाकीच्या झाकणावर आपटायचा. तो ठण्ण आवाज ऐकला की तीन मजल्यांवरचे दिवे एकदम लागायचे. जिन्यात निळे ड्रम, प्रत्येकावर ऑइलपेंटने खोली नंबर. आमच्या नंबरातला ७ कुणीतरी खोडून १ केला होता, त्यावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. पाहुणे आले की आई चहाच्या आधी विचारायची, "अंघोळी करून आलात ना?"

आता परिस्थिती बरी आहे. सूर्या प्रकल्पाचं पाणी २०२३ च्या शेवटी यायला लागलं. त्या योजनेत वसई-विरारचा वाटा रोज १८५ दशलक्ष लिटरचा, बाकीचं मीरा-भाईंदरला. पण योजनेत पाणी असणं वेगळं आणि तुमच्या इमारतीच्या टाकीत असणं वेगळं. एजंटला विचारू नका. वॉचमनला विचारा, की मे महिन्यात आठवड्याला टँकर किती येतात. आणि सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबात टँकरचा खर्च बघा, तो आकडा खोटं बोलत नाही.

गाडीचं म्हणाल तर चर्चगेट-विरार ६० किलोमीटर. सकाळी नालासोपाऱ्याला चढणं होत नाही म्हणून अर्धी गाडी उलटी विरारला जाऊन बसून येते. मीही वीस वर्षं तेच केलं. बोरिवलीला उतरणाऱ्याला आम्ही विरार गाडीत नीट चढू देत नाही, हा उर्मटपणा आहे, मान्य. पण सहाव्या मिनिटाला दुसरी गाडी मिळणाऱ्याने आमच्याच दारात का लोंबकळावं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

घर विकणार का? नाही. आई ऐंशीची आहे, इथल्या बाजारात सुकट कुठे चांगली मिळते ते तिला ठाऊक आहे.

*

वसई पश्चिम, जन्मापासून

मी घर घेतलेलं नाही, आमच्याच वाडीभोवती लोकांनी घेतली. तरी लिहितो, कारण तुम्ही जी घरं बघताय त्यांच्याखाली काय होतं ते आम्हाला माहीत आहे.

आमच्या लहानपणी प्रत्येक मोठ्या वाडीत बावखल असायचं. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात उतरायचं, जमिनीत मुरायचं आणि उन्हाळ्यात विहिरीला परत मिळायचं. त्या पाण्यावर केळी, पानवेली, मोगरा. आजी केळी वाळवून सुकेळी करायची, केळीच्या सोपटात बांधून ठेवायची. किनाऱ्यावर राहूनही विहिरीचं पाणी गोडं का, याचं उत्तर ते बावखल होतं. मग बावखलं बुजली. कुणी बुजवली? आम्हीच. माझ्या सख्ख्या काकांनी मातीचे ट्रक ओतून बुजवलं, वर तळमजला अधिक चार उभे राहिले. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली तेव्हा गावं वगळा म्हणून आम्ही मोर्चे काढले. त्याच मोर्चात चालणाऱ्या काहींच्या जमिनींचे सौदे आधीच झाले होते. बोलायला कडू आहे, पण आहे.

जुलै २०१८ आठवतो? रुळांवर पाणी, गाड्या बंद, मिठागरातली माणसं अडकलेली. काकांच्या इमारतीच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. काकू एवढंच म्हणाली, "पाणी आपल्या जागेवर आलं."

तुम्ही एक करा. इमारत पसंत पडली की शेजारच्या गावठाणातला म्हातारा माणूस गाठा आणि विचारा, "इथे आधी काय होतं?" भातशेत म्हणाला तर भरणी किती घातली ते पुढे विचारा. बावखल म्हणाला तर तळमजल्याचा विचार सोडून द्या. पूर्वेकडे बावखलाऐवजी नाला विचारा.

*

नायगाव पूर्व, सध्या मस्कत

व्हिडिओ कॉलवर घेतलं. भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलं. एजंटने गॅलरीतून फोन फिरवत "सी-व्ह्यू" दाखवला. सुट्टीत येऊन पाहिलं तर ते मिठागर! तसं दिसायला छान आहे, संध्याकाळी बगळे असतात. समुद्राचे जास्तीचे पैसे घेतले एवढंच.

*

विरार पूर्व, २०१३ ते २०२१

माझा अनुभव कागदाचा आहे आणि लांब आहे.

२०१३ साली १४ लाख ५० हजारांत वन बीएचके घेतला, चौथा मजला, डोंगराच्या बाजूला. खिडकीतून जीवदानी देवीच्या मंदिराच्या पायऱ्यांवरचे दिवे दिसायचे. एजंटने सीसीची, म्हणजे बांधकाम सुरू करायच्या परवानगीची, झेरॉक्स दाखवली. ओसीचं, म्हणजे राहायला परवानगी देणाऱ्या भोगवटा प्रमाणपत्राचं, विचारलं तर, "ओसी होऊन जाईल, इथे कुणाकडेच नसते." एका मोठ्या बँकेने फाइल परत केली. एजंट म्हणाला, "ही बँक या एरियात करतच नाही." आम्ही ते खरं मानलं. बँक नाही म्हणतेय ती फुकटात मिळालेला सल्ला देतेय, हे तेव्हा कळलं नाही. एका फायनान्स कंपनीने साडेतेरा टक्क्यांनी कर्ज दिलं.

आठ वर्षं काही झालं नाही. नोंदणी झालेली, मुद्रांक शुल्क भरलेलं, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) हातात, वीजमीटर नावावर, घरपट्टी दरवर्षी. अजून काय हवं माणसाला?

२०२१ मध्ये विकायला काढलं. घेणाऱ्याच्या बँकेचा वकील तरुण होता, चिकट होता. त्याने सीसीवरचा जावक क्रमांक घेतला आणि नियोजन कार्यालयात जाऊन मूळ फाइल काढायला लावली. या भागाचं नियोजन २०१० पर्यंत सिडको या सरकारी महामंडळाकडे होतं, त्यामुळे जुन्या इमारतींना सिडकोचीच सीसी असते. क्रमांक खरा निघाला. मंजुरी मात्र तळमजला अधिक दोनची होती. झेरॉक्सवर त्या दोनाचे चार झाले होते. म्हणजे कागदोपत्री आमचं कुटुंब आठ वर्षं हवेत राहत होतं.

वकील आमच्या हॉलमध्ये बसून हे सांगत होता तेव्हा बायको त्याला पोहे देत होती. तिने बशी तशीच धरून ठेवली.

शेवटी रोखीने घेणारा मिळाला. त्याला सगळं सांगितलं, लिहूनही दिलं आणि बरीच किंमत सोडली. तरी ते घर दुसऱ्याच्या गळ्यात घातलं ही टोचणी आहे. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवरच्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या, ते २०२५ च्या सुरुवातीपर्यंत चाललं होतं. तिथल्याही कित्येकांकडे घरपट्टीच्या पावत्या होत्या. घरपट्टी म्हणजे कर घेतल्याची पावती, इमारत अधिकृत असल्याचा दाखला नव्हे. आणि त्याच वर्षी गणेशचतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री विरारला इमारत कोसळली, १७ माणसं गेली. त्या रात्री आम्ही दोघं झोपलो नाही. आमच्या जुन्या इमारतीच्या ग्रुपमध्ये मी अजून आहे. सकाळी पहिला मेसेज मीच टाकला, की स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. उत्तरात आठ जणांनी हात जोडले. ऑडिट अजून झालेलं नाही.

महारेरावर (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. नोंदणी क्रमांक स्वतः संकेतस्थळावर टाका, नकाशात मजले किती मंजूर आहेत ते मोजा. पाचशे चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंतच सदनिका असतील तर नोंदणीची सक्तीच नाही, त्या फटीतून बरंच काही बाहेर पडतं.

*

विरार पश्चिम, बोळिंज, २०२४ पासून

मी एकटी, वय ४१. पहिले चार महिने एजंटांबरोबर फिरले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "साहेब कधी येतील बघायला?" पाचव्याला म्हटलं, साहेब मीच. त्याने मागे वळून पाहिलं, खरंच.

शेवटी म्हाडाचं घर घेतलं. इथली घरं पाण्यावाचून आणि गिऱ्हाइकावाचून वर्षानुवर्षं पडून होती, हे सगळ्यांना माहीत आहे. लेडीज डब्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "विकलं जात नाही ते तू घेतेस?" पण कागद स्वच्छ होते, ओसी होती, आणि प्रथम येणाऱ्यास प्राधान्य असल्याने लॉटरीची वाट बघायची नव्हती. वरच्या भाईंना जो कागद आठ वर्षांत मिळाला नाही तो मला पहिल्या दिवशी मिळाला. नोंदणी एकट्या बाईच्या नावावर असल्याने मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती मागून घ्या, आपणहून कुणी सांगत नाही. तक्रार एवढीच, की स्टेशनपासून लांब आहे. रात्री साडेनऊनंतर शेअर रिक्षा चौथी सवारी मिळेपर्यंत हलत नाही. मी चौथीचे पैसे देऊन टाकते.

*

धागाकर्ता परत आलोय.

सगळ्यांचे आभार, विशेषतः बावखलवाल्या काकांचे आणि हवेत राहिलेल्या दादांचे. गेला रविवार चुकवला. त्याऐवजी मंगळवारी रजा टाकून सकाळी सातला नालासोपारा स्टेशनवर उभा राहिलो. पहिल्या तीन गाड्या सोडल्या. चौथीतही चढलो नाही, मला ढकलून चढवलं गेलं. दुपारी ज्या सॅम्पल फ्लॅटमध्ये पाय बाहेर आले होते तिथल्या एजंटला फोन करून सीसीचा जावक क्रमांक मागितला. "पाठवतो" म्हणाला. त्यानंतर फोन लागत नाही.

तुमचं वाचून आता नवीन इमारतींचा नाद सोडलाय. वसई पश्चिमेला एका पंचवीस वर्षं जुन्या, ओसीवाल्या इमारतीत दुसरा मजला बघितला. लिफ्ट नाही, स्वयंपाकघर अंधारं. सोसायटीच्या सेक्रेटरी बाई मला गच्चीवर घेऊन गेल्या आणि न विचारता टाकीचं झाकण सरकवलं. अर्ध्याहून जास्त भरलेली होती. मी विचारलं, "इथे आधी काय होतं?" त्या म्हणाल्या, "चिकूची वाडी. पण खात्री करायची तर जोराच्या पावसात या, मी चहा करते."

हवामान खात्याने शनिवारी जोराचा सांगितलाय. छत्री घेऊन जातोय.