रेडवुडच्या छायेत तंबू नेमका कुठे ठोकावा
सरकारी जमीन असल्यामुळे उत्तर कॅलिफोर्नियात रेडवुड या अतिउंच वृक्षांखाली कुठेही मुक्काम करता येतो, असे म्हटले जाते. ते पुरते खरे नाही. उरलेली प्राचीन झाडे बहुतांशी राष्ट्रीय आणि राज्य उद्यानांत आहेत, आणि तिथे सहसा नेमून दिलेल्या जागीच तंबू ठोकता येतो. तिथल्या रेडवुड क्रीक या ओढ्याच्या पात्रातील गोट्यांचे पट्टे हा मात्र मला फार प्रिय असलेला अपवाद आहे: परवाना काढून तिथे ठरावीक टापूत आपली जागा आपण निवडू शकतो, आणि हिवाळ्यातील पूर तो पट्टा पुन्हा धुऊन काढतो. झाडाखालच्या जमिनीला ती सोय नाही. शंभर मीटर उंच रेडवुडची मुळे जेमतेम दोन ते चार मीटर खोल जाऊन आडवी पसरतात, त्यामुळे वरची भुसभुशीत माती तुडवली गेली की इजा थेट मुळांपर्यंत पोहोचते. हायपेरियन या सर्वांत उंच झाडाच्या बुंध्याशी माणसांच्या वर्दळीने नेचे उरले नाहीत, म्हणून २०२२ मध्ये तो परिसर बंद करावा लागला. पूर्वेकडील सिक्स रिव्हर्स राष्ट्रीय वनात मोकळीक पुष्कळ आहे, पण तिथे उघड्यावर गॅसची शेगडी पेटवायलाही अग्निपरवाना लागतो. तो विनामूल्य मिळतो.