थिवींहून काशी, पावसात मुंबईला गाडी बदलायची... दोन-अडीच तास पुरतील का?

म्हापशाचो_पाव:
नमस्कार मंडळी. श्रावणात आई-बाबांना काशीला न्यायचंय. विचार असा आहे की गोव्यातल्या थिवींहून मांडवी एक्सप्रेस धरायची, रात्री सीएसएमटी आणि तिथून मध्यरात्रीची वाराणसीची महानगरी एक्सप्रेस. कागदावर दोन-अडीच तास मिळतात. बाबांचं म्हणणं भरपूर झाले, मला मात्र धाकधूक आहे कारण आईचे गुडघे दुखतात, सामान घेऊन धावाधाव जमायची नाही. चुकली तर पैसे तरी मिळतात का परत?

लूप_लाइन:
पावसात दोन तासांवर भरवसा ठेवू नका. कोकण रेल्वे बहुतेक सिंगल लाइन आहे, एक गाडी लेट झाली की समोरच्या गाडीसाठी कुठल्यातरी स्टेशनात लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी राहणार, आणि एकदा पाथ (रूळ मोकळा मिळायची ठरलेली वेळ) गेला की वेळेवर धावणाऱ्या गाड्यांना आधी सोडतात, त्यामुळे अर्ध्या तासाचा दीड तास कधी होतो कळतच नाही. पावसाळी टाइमटेबल वेगळं असतं ते त्यासाठीच, दरडींच्या भागात वेग कमी ठेवतात. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं तेव्हा तर गाड्या रद्द झाल्या, काही मिरज-लोंढा मार्गे वळवल्या.

पैशांचं म्हणाल तर दोन्ही तिकिटांचे पीएनआर (तिकिटावरचे नंबर) लिंक करा, म्हणजे दोन्ही मिळून एकच प्रवास असं नोंदवा. 2019 पासून ही सोय आहे. पहिली गाडी लेट झाल्यामुळे दुसरी चुकली तर दुसरीचं भाडं कापाकापी न करता परत मिळतं, मात्र पहिली गाडी पोचल्यापासून 3 तासांत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, टाकायला हवा. दोन्हीकडे प्रवाशांची नावं तीच हवीत, आणि जिथे उतरता तिथूनच दुसरी गाडी धरायची. म्हणजे ठाण्याला उतरून कल्याणला चढू असं केलंत तर अडचण. आणि हो, पैसे मिळतात, पुढच्या गाडीत बर्थ मिळत नाही! श्रावणात काशीचं वेटिंग बघा एकदा.

कुळें_घाट:
मी तर म्हणेन मुंबईच टाळा. मडगांवहून दुपारी गोवा एक्सप्रेस, दुसऱ्या दिवशी दुपारी भुसावळ. तिथेच संध्याकाळनंतर कामायनी एक्सप्रेस येते, ती थेट वाराणसीला जाते. मधे चांगले पाच-सहा तास, वेटिंग रूममध्ये आईंना पाय पसरून बसता येईल, केळी खा, चहा प्या. गाडी तीन तास लेट झाली तरी पोटात गोळा येत नाही.

लूप_लाइन:
@कुळें_घाट भुसावळ पटलं. पण गोवा एक्सप्रेस जाते त्या तुमच्या घाटातसुद्धा दरडी पडतात की, कॅसलरॉक-कुळें पट्टा पावसात काय लाडका नाही. आणि म्हापसेकरांना मडगांवपर्यंत कदंबा बस किंवा टॅक्सी आली, ते धरा हिशेबात.

कुळें_घाट:
पडतात, नाही कोण म्हणतो. पण मधे सहा तास असले की दरड पचते, दोन तासांत नाही पचत.

डिचोलीची_वैनी:
महानगरीनेच जाणार असाल तर तारीख नीट बघा हं! ती रात्री बारा वाजल्यानंतर सुटते म्हणजे तारीख दुसऱ्या दिवसाची. पंधराला निघालात तर तिकीट सोळाचं. यात भलेभले फसतात, नि लिंक-बिंक काही कामाला येत नाही मग.
दुसरं, थिवींलाच गाडी 3 तासांच्या वर लेट दाखवत असेल आणि जायचंच नसेल तर गाडी सुटायच्या आत टीडीआर टाका, पूर्ण पैसे मिळतात, कन्फर्म तत्काळचे पण. प्लॅटफॉर्मवर वैतागून तिकीट नुसतं कॅन्सल करू नका. घरातून निघायच्या आधी रेल्वेच्या 139 नंबरला विचारा. आईंना लोअर बर्थ मिळाली ना?

म्हापशाचो_पाव:
सगळ्यांचे आभार. बाबांना भुसावळ सांगितलं तर म्हणाले सहा तास तिथे काय करू, आई म्हणाली झोपा. तेव्हा भुसावळच. @डिचोलीची_वैनी लोअर दोन बघतोय, एक साइड लोअर मिळाली तर चालेल का गुडघ्यांना?

डिचोलीची_वैनी:
चालेल, पण मधल्या फटीवर घडी केलेली चादर घाला, नाहीतर कंबर धरते.