'मोगिरी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : जुन्या जपानी सिनेमा थिएटरांवरचा मजकूर मराठीत आणताना दोन शब्दांपाशी अडलं आहे : दारावर तिकीट फाडणारा 'मोगिरी' आणि फाडल्यावर प्रेक्षकाच्या हातात उरणारा तिकिटाचा तुकडा, 'हांकेन'. 'डोअरकीपर' आणि 'स्थळप्रत' चालतील का?

उत्तर : डोअरकीपर चालेल, पण अर्धंच. 'मोगिरु' म्हणजे पिळून, हिसडून तोडणं. झाडावरचं फळ तोडण्याचं 'मोगु' हे क्रियापद त्याच घरातलं. शिवाय मोगिरी हे कामाचंही नाव आहे आणि माणसाचंही. आपला डोअरकीपर दार सांभाळतो, मोगिरीचं नाव मात्र हाताच्या त्या एका झटक्यावरून पडलं आहे. 'तिकीट खुडणारा' म्हटलं तर तो झटका मराठीत उतरतो.

उत्तर : 'स्थळप्रत' मात्र नको, अर्थ उलटा होईल. स्थळप्रत देणाऱ्याकडे राहते. हांकेन प्रेक्षकाकडे जातं आणि दुसरा तुकडा थिएटरकडे उरतो. त्या तुकड्यांवरून खेळाची माणसं मोजता येतात, म्हणून तिकीट छिद्रांच्या ओळीवरच फाटायला हवं. वाकडं फाटलं की क्रमांक भलत्या तुकड्यावर जातो आणि हिशेब जुळत नाही. हांकेनला 'अर्धुक' म्हणा. छान, जुना शब्द आहे.

प्रश्न : आणि 'फूकिरी'? 'प्रदर्शन' केलं आहे.

उत्तर : अर्थ बरोबर, चव गेली. 'फू' म्हणजे बंद केलेली मोहोर, 'किरी' म्हणजे कापणं. एदो काळात (जपानात सतरावं ते एकोणिसावं शतक) नवी पुस्तकं मोहोरबंद वेष्टनात विकायला यायची. ते वेष्टन उघडणं म्हणजे फूकिरी. सिनेमाने शब्द तिथून उचलला. नवा चित्रपट पहिल्यांदा लावणारं थिएटर ते 'फूकिरीकान', त्यानंतरचं 'निबानकान', म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचं. 'पहिल्या फेरीचं' आणि 'दुसऱ्या फेरीचं थिएटर' हे सहज समजेल.

उत्तर : याच यादीत 'काकेमोची' घ्याच. एका माणसाने दोन कामं एकदम सांभाळणं हा मूळ अर्थ. थिएटरात एकच प्रिंट, म्हणजे चित्रपटाची फिल्मवरची प्रत, दोन ठिकाणी चालवणं. ३५ मिमीचं २००० फुटी रीळ साधारण २२ मिनिटं चालतं. समजा दोन थिएटरांत सायकलने १५ मिनिटांचं अंतर आहे. एकेक रीळ न्यायचं तर जाऊन-येऊन ३० मिनिटं लागतात, तोवर पुढचं रीळ संपून पडून राहतं. एका सायकलस्वाराला ते झेपत नाही. दोन-दोन रिळं नेली तर फेरीला ४४ मिनिटं मिळतात. मग दुसऱ्या थिएटरचा खेळ, पहिली दोन रिळं चालायला ४४, उलट गुंडाळायला १०, वाटेत १५, म्हणजे किमान ६९ मिनिटं मागे ठेवावा लागतो. पाऊस किंवा पंक्चरसाठी आणखी थोडा वेळ हाताशी हवाच, नाहीतर तिथला पडदा मध्येच पांढरा पडतो. रीळ उलट गुंडाळायचं राहिलं, तर ते पोचूनही लगेच लावता येत नाही. शेवटच बाहेरच्या बाजूला असतो.

प्रश्न : मग 'काकेमोची'ला 'सामाईक प्रिंट'?

उत्तर : नको, त्यात धावपळ दिसत नाही. 'एका प्रिंटवर दोन थिएटरं' असं सरळ लिहा, आणि पहिल्या वेळी मूळ शब्दही ठेवा.