हाताने काढलेला बोका गेममध्ये गेल्यावर निर्जीव का दिसतोय?

मी शाळेत चित्रकला शिकवते, ए.टी.डी. केलंय. ॲनिमेशनचं शिक्षण शून्य. मावसभाऊ प्रोग्रॅमर आहे. दिवाळीत गप्पा मारता मारता ठरलं की दोघांनी मिळून एक छोटा गेम करायचा: पावसाळ्यातली वाडी, कौलारू घरं आणि या कौलांवरून त्या कौलांवर उड्या मारत जाणारा बोका. चित्रं माझी, तीही कागदावर.

हे खूळ शिरलं 'कपहेड'मुळे. १९३०च्या दशकातल्या अमेरिकन कार्टूनसारखा दिसणारा हा २०१७चा गेम. भाचा खेळत होता, मी मागे उभी राहून बघत होते. त्यातली पात्रं कागदावर पेन्सिलीने काढून, वर शाई फिरवून, मग कॉम्प्युटरवर रंगवलीत हे कळल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचेना.

काचेखाली एलईडी पट्टी लावून घरीच लाइटबॉक्स केला. उडीची १४ चित्रं काढली. त्यातली पहिली ६ नुसत्या तयारीची: बोका दबतो, पाठ आखडते, बूड हलवतो. मोबाईलवर एकेक फोटो काढून सेकंदाला १२च्या वेगाने पळवली. आई म्हणाली, "अगं, हा तर आपला बाळ्या!" (बाळ्या म्हणजे आमचा जुना बोका, आता नाही.)

मग चित्रं गेममध्ये गेली. मावसभाऊ म्हणाला, बटण दाबल्यावर बोका अर्ध्या सेकंदाने उडतो, असा गेम कोणी खेळणार नाही. हिशेब त्याचा बरोबर आहे. त्याने ती ६ चित्रं उडवली, रेषा साफ केल्या आणि मधली चित्रं सॉफ्टवेअरकडून भरून घेऊन सेकंदाला ६० केली. आता बोका लोण्यावरून घसरल्यासारखा जातो. रेषा थरथरत नाही म्हणून असं दिसतंय, असं त्याचं मत. म्हणून थरथरीचा फिल्टर लावला, तर बोक्याला हुडहुडी भरल्यासारखी दिसतेय.

हाताने काढलेल्याची मजा नक्की कशात असते? रेषेत, कागदाच्या पोतात, की चुकांमध्ये? ते कळलं तर काय वाचवायचं ते ठरवता येईल.

प्रतिसाद: पेन्सिलतासू

ताई, कपहेडचंच उदाहरण मावसभावाला द्या. तो गेम चालतो सेकंदाला ६० फ्रेमने, पण पात्रांचं ॲनिमेशन २४चं आहे. म्हणजे बटण, टक्कर, जागा बदलणं हे सगळं ६०च्या घड्याळावर आणि चित्र त्याच्या स्वतःच्या घड्याळावर. दोन्ही एकाच वेगाने पळवायची काही गरज नाही. बोक्याची जागा ६०ने सरकू दे, चित्र १२नेच बदलू दे.

प्रतिसाद: निवृत्त_इनबिटवीनर

आयुष्यातली बरीच वर्षं दुसऱ्याच्या दोन चित्रांच्या मधली चित्रं काढण्यात गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

रेषेचा यात फार मोठा वाटा नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, पण हातचं काम बरंचसं 'टूज'वर होतं, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम टिकतं. म्हणून तुमचे १२ बरोबरच होते. खरी करामत कुठलं चित्र किती वेळ धरायचं आणि पुढचं किती लांब काढायचं यात. दबलेला बोका क्षणभर जास्त धरलात आणि पुढच्याच चित्रात तो हवेत लांबच लांब ताणलेला दाखवलात, तर मधलं डोळा स्वतः भरून घेतो. सॉफ्टवेअरने ती फट समान हप्त्यांत बुजवली. तुम्ही जिथे झेप घेतली होती तिथे त्याने जिना बांधला.

२०१८चा 'स्पायडर-मॅन: इंटू द स्पायडर-व्हर्स' बघा. सगळा कॉम्प्युटरवरचा थ्रीडी सिनेमा. तरी त्यातल्या नवशिक्या स्पायडर-मॅनला, माइल्सला, काही ठिकाणी मुद्दाम टूजवर ठेवलंय. जंगलातल्या झोके घेण्याच्या प्रसंगात मुरलेला स्पायडर-मॅन पीटर वन्सवर, म्हणजे दर फ्रेमला नवं चित्र, आणि हा टूजवर, म्हणून त्याचं अडखळणं दिसतं. तिथे कागद नाही की पेन्सिल नाही.

उलट बाजूने २०१९चा 'क्लाउस' हा सिनेमा. चित्रं हाताची, पण त्यांवरची छायाप्रकाशाची कामं अशी की पुष्कळांना तो थ्रीडीच वाटला. रेषा जवळजवळ दिसतच नाही, हालचालीतला हात मात्र लपत नाही.

आणि रेषा 'साफ' करताना बघा हो, बहुतेक तुमच्या बोक्याच्या पाठीचा बाकही सरळ झाला असणार. क्लीनअप करणाऱ्याला चित्रकला यावीच लागते. ते काम सॉफ्टवेअरला देऊ नका, मावसभावाला तर नकोच.

प्रतिसाद: चहाबिस्कीट

एवढी मरमर कशाला? बोक्याच्या चित्राचे तुकडे करा, कॉम्प्युटरवर त्यांना हाडं जोडा, हलवा. आठवड्यात गेम तयार.

प्रतिसाद: निवृत्त_इनबिटवीनर

होईल की. पण मग तो बाळ्या नसेल.

प्रतिसाद: कोडकरी

मावसभावाची बाजू घेतो, कारण त्याची अडचण खरी आहे. सिनेमात बोका कधी उडणार हे चित्रकार ठरवतो, गेममध्ये खेळणारा. बटण दाबल्यावर तयारी बघत बसायला लागली की माणूस चिडतो. म्हणून तयारी फेकायची नाही, तिची जागा बदलायची. बटण दाबताच एखादंच दबलेलं चित्र, फार तर दोन फ्रेम, आणि लगेच उडी. वजन दाखवायचं ते उतरताना: पाय टेकल्यावर चपटा होणं, शेपटी उशिरा खाली येणं. त्या वेळी बोका पुढच्या बटणाला मोकळा असला की झालं.

बूड हलवणं मात्र सोन्यासारखं आहे. बोका कौलाच्या कडेला नुसता उभा असेल तेव्हा ते चालवा. खेळणारा विचार करतोय, बोकाही करतोय.

शिवाय ६०च्या हट्टाविरुद्ध एक रोकडा मुद्दा. ५१२ बाय ५१२चं चित्र कॉम्प्रेस न करता मेमरीत १ एमबी खातं. सेकंदाला ६० वेगळी चित्रं म्हणजे ६० एमबी, १२ म्हणजे १२. प्रोग्रॅमरला हे लगेच पटतं.

प्रतिसाद: वाचनमात्र

वाचनखूण साठवली. बोक्याचा व्हिडिओ टाका की!

प्रतिसाद: धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा अंदाज खरा निघाला. मूळ कागद आणि साफ केलेलं चित्र एकावर एक ठेवून पाहिलं, पाठीचा बाक खरंच गेला होता. आता क्लीनअप मीच करतेय, क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ऑनियन स्किन लावून (म्हणजे मागचं-पुढचं चित्र खाली पुसट दिसतं). रोज ३ चित्रं होतात, पेपर तपासायचे असले की एकही नाही.

कालपासून गेममध्ये १२चा वेग आहे. उडी जमली. उतरताना मात्र पाय कौलांवरून किंचित सरकतात, जागा ६०ने सरकते आणि चित्र तिथेच असतं म्हणून असावं. यावर कोडकरीदादा काही सुचवा. मावसभाऊ एमबीचा हिशेब वाचून गप्प झालाय. रात्री त्याचा एवढाच मेसेज आला: बूड हलवायची चित्रं परत पाठव, माझ्याकडून डिलीट झालीत.